काका, ओटीपी सांगा



ओटीपी कोणालाही सांगू नका, असं बँक सांगते, रेडिओ सांगतो, वर्तमानपत्रं सांगतात. आणि जुलै महिना उजाडला की सांगलीतल्या कुठल्या तरी सीएच्या कचेरीतून कोवळ्या आवाजाच्या एका मुलाचा फोन येतो, "काका, आत्ता तुमच्या मोबाइलवर एक ओटीपी आला असेल बघा. पटकन सांगा, थोडाच वेळ चालतो." आपण चष्मा शोधतो, आकडे वाचतो, तो "थँक्यू काका" म्हणतो आणि फोन ठेवतो. झालं! आपलं वर्षभराचं उत्पन्न, व्याज, वजावटी, देणग्या असं सगळं आपल्या नावाने सरकारदरबारी रुजू झालं. त्यात काय लिहिलं आहे? ते त्या मुलाला ठाऊक!

आमच्या माधवनगरच्या सकाळच्या कट्ट्यावर सात जण असतात. शिक्षक, रेल्वेतले, एसटीतले, एक यंत्रमागवाले. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, तुमचं विवरणपत्र जुन्या पद्धतीने भरलंय की नव्या? २०२३ च्या एप्रिलपासून नवी पद्धत आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. ज्येष्ठ नागरिकांना ठेवींच्या व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, ती फक्त जुन्या पद्धतीत. म्हणजे प्रश्न काही अगदीच परीक्षेचा नव्हता. सातातल्या एकालाही उत्तर देता आलं नाही. "ते आमचे सीए बघतात," हे मात्र सातही जणांनी अभिमानाने सांगितलं. (सात माणसांच्या या पाहणीला कृपया सर्वेक्षण वगैरे म्हणू नये.)

हा विषय आत्ता डोक्यात शिरण्याचं कारण आमचा भाचा. तो सीए आहे. सांगलीत तिघा भागीदारांची फर्म आहे, पंधरा-सोळा माणसं कामाला आहेत. फर्मचं नाव लिहीत नाही, कारण ताई हा ब्लॉग वाचते आणि भाऊबीजेला मला तिच्याकडेच जेवायचं असतं. तर हा भाचा पुण्याला दोन दिवसांच्या एका कार्यशाळेला जाऊन आला. विषय होता, फर्मचं व्यवस्थापन आणि ग्राहकांशी संबंध कसे सुधारावेत. परतताना तिथली छापील टिपणं घेऊन आला आणि रविवारी मला वाचायला दिली. मी ती वाचली. जुन्या सवयीने लाल पेन घेऊन वाचली, आणि पेनातली बरीच शाई संपली.

टिपणांत काय आहे ते थोडक्यात सांगतो. ग्राहकांचे तीन वर्ग पाडा, ए, बी आणि सी. ए म्हणजे मोठी फी देणारे. त्यांच्याशी भागीदाराने स्वतः बोलावं, वाढदिवसाला फोन करावा, दिवाळीला सुका मेवा पाठवावा. बी वर्गाला वरिष्ठ मदतनिसाने सांभाळावं. सी म्हणजे पगारदार, पेन्शनर, विधवा बायका, किरकोळ दुकानदार. त्यांचे फोन थेट घेऊ नयेत, त्यांना सॉफ्टवेअरवर तक्रार नोंदवायला सांगावं, आणि तीन वर्षांत ही संख्या हळूहळू कमी करत आणावी.

"म्हणजे मी सी?" मी विचारलं.

"मामा, तुमचं वेगळं आहे हो."

"माझं वेगळं कारण तू माझा भाचा. ज्याला भाचा नाही त्याने काय करायचं?"

यावर तो हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. हे टिपण म्हणजे ग्राहकाशी संबंध कसा तोडावा याचं व्यवस्थित वेळापत्रक आहे, आणि त्याला नाव दिलंय संबंध सुधारण्याचं. जिथे सुका मेवा पाठवायचा आहे तिथेही हिशेब समजावून सांगा, असं एका ओळीत लिहिलेलं नाही. चाळीस पानांत 'समजावणे' हे क्रियापद मला एकदाही सापडलं नाही.

आता थोडं मागे जातो. माझे वडील सांगलीच्या गणपती पेठेत एका आडत दुकानात दिवाणजी होते. रोज माधवनगरहून सायकलने जात. हळदीच्या हंगामात रात्री नऊ-दहा वाजेपर्यंत दुकानात. तेव्हा हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. व्यापारी आणि आडत्या रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायचे आणि भाव ठरायचा. बाजूला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला, ज्याची हळद त्यालाच, काही कळायचं नाही. ती पद्धत चांगली होती असं मी म्हणणार नाही. आडते काही साधुसंत नव्हते, तोलात मारणारेही होते. पण सौदा झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडायची. पोती किती, वजन किती, दर काय, त्यातून वजा हमाली, तोलाई, आडत, आधी घेतलेली उचल, आणि खाली बाकी रक्कम. सगळं मराठीत. अक्षर आमच्या वडिलांचं, मोत्यासारखं. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते पट्टी वाचून दाखवत. एकेक ओळ. "हमालीचं एवढं कसं ओ?" असं तो विचारायचा, आणि वडील सांगायचे, पोती एवढी, पोत्यामागे दर एवढा. मग शाईच्या पॅडवर अंगठा. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम होता. मालकाला वेळ जातो म्हणून तो फारसा आवडत नसे, पण शेतकरी पुढच्या वर्षी त्याच दुकानाच्या दारात गाडी सोडायचा, हे मालकही बघत होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की ओटीपी हा आजचा अंगठा आहे. आणि आज तो वाचून न दाखवता घेतला जातो. पूर्वी निरक्षर माणसाला पट्टी वाचून दाखवली जायची. आज बीए, बीएड झालेल्या माणसाचा अंगठा न वाचता घेतात, आणि तोही फोनवर!

भाषेचं दुखणं इथेच आहे. मी मराठीचा मास्तर, तेव्हा हे येणारच. हिशेबाच्या कामात मराठी कधी गरीब नव्हती. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, जमा, नावे, बाकी, उचल, येणे, देणे हे शब्द कोणा समितीने बसून तयार केलेले नाहीत, ते पेढीवर आणि दप्तरात वापरून गुळगुळीत झालेले आहेत. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत अमात्य म्हणजे मुजुमदार हा जमाखर्च तपासणारा प्रधान होता. फडणीस, पोतनीस ही आडनावंसुद्धा हिशेबाच्या आणि खजिन्याच्या कामातून आलेली. ज्या भाषेने राज्याचे जमाखर्च सांभाळले त्या भाषेत एका पेन्शनरच्या उत्पन्नाचे दहा आकडे समजावता येत नाहीत म्हणता? भाच्याच्या कचेरीतून येणारा कागद पूर्ण इंग्रजीत असतो, त्यात कलमांचे क्रमांक असतात आणि तळाला एक आकडा असतो. तो आकडा भरायचा की मिळायचा, एवढंच लोक विचारतात.

बरं, अगदी सरकारलासुद्धा हे पटलं आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ मध्ये जो नवा कायदा संसदेने केला, १ एप्रिल २०२६ ही तारीख धरून, त्यात 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' हा जुना गोंधळ काढून सरळ 'कर वर्ष' हा एकच शब्द ठेवला. इतकी वर्षं लोक विचारत होते, पैसे मिळाले या वर्षी आणि कागदावर पुढचं वर्ष कसं? कायदा करणारे सोपं बोलायला लागले आणि कायदा सांगणारे अजून अवघडच बोलतात, याला काय म्हणावं!

आता ज्या गोष्टीमुळे माझा आवाज चढतो ती सांगतो. आमच्या ओळखीच्या एक निवृत्त बाई आहेत, प्राथमिक शाळेतल्या. यजमान गेले, मुलगी लांब. पूर्वी त्या एका सीएकडे जात. एका वर्षी तिथून निरोप आला की यापुढे आम्ही लहान विवरणपत्रं घेत नाही. (त्या कार्यशाळेच्या भाषेत सांगायचं तर सी वर्ग कमी झाला.) मग कोणीतरी त्यांना एका एजंटाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुमचा कापलेला सगळा टॅक्स परत आणून देतो, आला की त्यातले दहा टक्के माझे." आला. बाईंनी पेढे वाटले. दीड वर्षानंतर कळलं की त्यांच्या नावावर एका राजकीय पक्षाला देणगी दाखवली होती. बाईंनी आयुष्यात कोणत्या पक्षाला चहाही पाजलेला नाही. नोटिसा आल्या होत्या, पण त्या एजंटाने स्वतःच उघडलेल्या कुठल्या तरी ईमेलवर. मिळालेला पैसा परत भरावा लागला, वर व्याज, वर जादा कर. पैशाचं त्यांनी कसंबसं निभावलं. पण माझ्याकडे कागद घेऊन आल्या तेव्हा हळू आवाजात विचारत होत्या, "सर, हे चोरीत धरतात का हो?" चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेली बाई!

अशा त्या एकट्या नाहीत. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात १५० हून अधिक ठिकाणी छापे आणि तपासण्या केल्या, खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्यांविरुद्ध. महाराष्ट्रही त्यात होता. खात्याने तेव्हा स्वतःच सांगितलं की हे लोक टक्केवारीवर काम करतात, ढिगाने विवरणपत्रं भरायला तात्पुरते ईमेल उघडतात आणि सोडून देतात, त्यामुळे नोटिसा कोणी वाचतच नाही. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रं दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. यातले काही लबाड असतील, नाही कोण म्हणतो? पण आमच्या बाईंसारखे किती असतील, ज्यांनी फक्त सहा आकडे वाचून दाखवले?

भाचा म्हणतो, "मामा, तो एजंट होता, सीए नव्हे. आमच्या कायद्यात नफ्याच्या टक्केवारीवर फी घ्यायलाच बंदी आहे." खरं आहे. १९४९ च्या त्यांच्या कायद्यातच तसं कलम आहे, आणि ग्राहकाची माहिती बाहेर फोडली तर तोही गैरवर्तनाचा गुन्हा. नियम सोन्यासारखे आहेत. पण बाई एजंटाच्या दारात गेल्या कशा, हे विचारा ना! सोन्यासारखे नियम असलेल्या दाराने त्यांना बाहेर काढलं म्हणून. तुम्ही सी वर्ग कमी करता तेव्हा सी वर्गातली माणसं हवेत विरघळत नाहीत. त्यांना मार्चमध्ये व्याज मिळतंच, टीडीएस कापला जातोच, आणि जुलैत कोणाचा तरी फोन येतोच.

यावर भाच्याने जे उत्तर दिलं ते मात्र मला मान्य करावं लागलं. तो म्हणाला, "सातशे रुपये फी. त्यातही लोक म्हणतात पाचशे घ्या. ३० जुलैला रात्री साडेआठला प्लास्टिकची पिशवी घेऊन येतात. तिच्यात विजेची बिलं, लग्नपत्रिका, औषधांच्या पावत्या आणि मधेच कुठेतरी बँकेचा दाखला. मी तासभर समजावत बसू?"

मंडळी, ही पिशवी आपली आहे. दाढदुखीला डॉक्टर जेवढे मागेल तेवढे देतो, नातवाच्या क्लासला पन्नास हजार भरतो, आणि ज्या कागदावर आपण खरेपणाची हमी देतो त्याच्यासाठी दोनशे रुपयांची घासाघीस करतो! कागद जूनमध्ये देता येतात. तरी आपण थांबतो, कारण मुदत वाढेल अशी आपली श्रद्धा. आणि सरकार ती श्रद्धा पाळतंही. २०२५ मध्ये ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि वर आणखी एक दिवस मिळाला. परीक्षेची तारीख दरवर्षी पुढे जाणाऱ्या शाळेत अभ्यास कोण करेल?

पण घासाघीस आपण का करतो, हेही बघायला हवं. आपल्याला जे दिसतं त्याचेच पैसे आपण देतो, आणि दिसतो फक्त एक फोन आणि एक इंग्रजी कागद. त्याचे पाचशेही जास्त वाटतात. तासभर बसून कोणी समजावलं, की बाबा रे, तुझं व्याज एवढं आलं, ते तू मला सांगितलं नव्हतंस पण बँकेने सरकारला सांगितलंय, जुन्या पद्धतीने कर एवढा झाला असता आणि नव्याने एवढा होतो, म्हणून ही निवडली, तर त्याचे दीड हजार द्यायला मी तयार आहे. कट्ट्यावरच्या सातातले चौघे तयार आहेत. उरलेले तीन जातील दुसरीकडे. जाऊ देत! त्यांना सोडण्याचं कारण फी असावं आणि ते तोंडावर सांगितलेलं असावं. 'लहान विवरणपत्रं घेत नाही' ही काय भाषा झाली?

आता फर्मच्या आतल्या बाजूकडे वळतो, कारण टिपणात त्यालाही एक प्रकरण आहे. मदतनीस मुलांचा प्रत्येक तास मोजा, ज्या तासाचं बिल होत नाही तो तास वाया. आमचं विवरणपत्र जो भरतो तो मुलगा सीए होण्यासाठी उमेदवारी करत असतो. त्यांच्यात त्याला 'आर्टिकल' म्हणतात. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं वर्तमानपत्रात लिहितो.) त्यांच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे या मुलांचं काम आठवड्याला ३५ तास. सप्टेंबरात कोणत्याही फर्मच्या खिडकीत रात्री दहाला दिवा दिसला तर हा नियम आठवावा. दमलेला मुलगा आकडा चुकवतो, ग्राहकाचा फोन आला की वसकन ओरडतो किंवा फोनच उचलत नाही. मग भागीदार म्हणतात, ग्राहकसंबंध बिघडलेत, सॉफ्टवेअर आणूया!

भाच्याचा दाखला असा की मोठ्या कंपन्यांत बघा, पुण्या-मुंबईत, तिथे सगळं कसं पद्धतशीर. मी त्याला पुण्याचीच गोष्ट आठवून दिली. २०२४ च्या जुलैत तिथल्या ईवाय या जगातल्या चार बड्यांपैकी एका कंपनीत काम करणारी केरळची २६ वर्षांची सीए मुलगी वारली. मार्चमध्ये लागली होती. जेमतेम चार महिने. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, कामाच्या ओझ्याने माझी मुलगी गेली आणि अंत्यसंस्काराला कंपनीचं कोणी आलं नाही, असं त्यात होतं. मृत्यूचं कारण कामाचा ताण हे कंपनीने मान्य केलं नाही. ते मी ठरवणार नाही, मला ते अधिकार नाहीत. पण नंतर राज्याच्या कामगार खात्याचे अधिकारी त्या कचेरीत गेले तेव्हा काय आढळलं? दुकाने आणि आस्थापना कायद्याखालची नोंदणीच तिथे नव्हती. तेव्हा कामाचे तास दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ ठरवणारा कायदा हाच होता! दुसऱ्यांच्या कंपन्या नियमाने चालतात की नाही हे तपासणं हा ज्यांचा धंदा, त्यांच्याच कचेरीत ही तऱ्हा. तेव्हा पद्धतशीरपणाचं कौतुक मला सांगू नये.

शाळेत आम्हाला हे फार सोप्या तऱ्हेने कळलं होतं. वर्गात चाळीस मुलं असली की वह्या तपासून होतात. सत्तर झाली की वहीवर नुसती सही होते. तिसरा मार्ग मला तरी शिक्षकी पेशात कधी सापडला नाही. आणि हे सीएंच्या संस्थेलाही ठाऊक आहे, नाहीतर एका सीएने वर्षाला ६० पेक्षा जास्त टॅक्स ऑडिट करू नयेत असा नियम तिने कशाला केला असता? म्हणजे माणसाचं लक्ष किती जणांवर पुरतं याला मर्यादा आहे, हे मान्य. मग ती मर्यादा ऑडिटला लागू आणि पेन्शनरच्या विवरणपत्राला नाही, असं कसं? फर्मने ठरवावं, एवढी माणसं आम्ही नीट बघू शकतो. तेवढीच घ्यावीत, आणि त्या तेवढ्यांत ए-बी-सी करू नये. नवा कोणी आला तर दाराशीच सांगावं, जागा नाही, पण अमुक एका सीएकडे आहे. एजंटाकडे जाण्यापासून तो वाचेल.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुम्हाला सीएने ग्राहकाच्या गळ्यात गळा घालून बसायला हवंय. मुळीच नाही! ते किती महाग पडतं हे आपल्याच कोकणाने पाहिलंय. दाभोळच्या एन्रॉनची अमेरिकेतली मूळ कंपनी २००१ मध्ये बुडाली. तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही १९१३ पासूनची नावाजलेली फर्म. २००० सालात एन्रॉनकडून तिला तपासणीचे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि इतर सल्ल्याचे दोन कोटी सत्तर लाख. एवढे गोड संबंध असल्यावर नाही कोण म्हणणार? फर्मच संपली. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावरची शिक्षा रद्द केली, पण तोवर रद्द करायला फर्म उरली नव्हती. वाढदिवसाचे फोन आणि सुका मेवा हा त्याच वाटेवरचा पहिला धोंडा आहे, असं मी भाच्याला म्हटलं. तो म्हणाला, "मामा, काजूवरून थेट एन्रॉन?" असो. थोडं ताणलं मी, पण सोडत नाही.

आणि समजावून न सांगण्याची किंमत पाहायला अमेरिकेला जाण्याचीही गरज नाही. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगलीच्या वसंतदादा शेतकरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. तेव्हा ठेवींना विमा होता एक लाखाचा. पाच लाखांचा झाला तो २०२० मध्ये. या भागातल्या किती घरांत त्या वर्षी लग्नं पुढे ढकलली गेली, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. सहकारी बँकांचे ताळेबंद काही गुप्त नसतात. वार्षिक अहवालात छापतात, सभासदांच्या घरी येतात, आणि मराठीत असतात. पण तो ताळेबंद वाचायचा कसा, बुडीत कर्जाची तरतूद कुठे बघायची, हे सभासदाला कोणी कधी दाखवलं का? सभेला जायचं, चहा-चिवडा घ्यायचा, हात वर करायचा. वर केलेला हात आणि फोनवर सांगितलेला ओटीपी, दोन्ही एकाच जातीचे.

तीन रविवार हा वाद चालला. ताईने मध्ये पडून दोनदा पोहे केले. शेवटी भाचा वैतागून म्हणाला, "मग तुम्हीच द्या ना लिहून, काय हवंय ते!" दिलं लिहून. एका पानाची पट्टी आहे, विवरणपत्र पाठवण्याआधी ग्राहकाच्या हातात द्यायची, मराठीत, मोठ्या टायपात. वर्षात पेन्शन किती मिळाली, व्याज कुठून किती, इतर काही असेल ते. बँकेने सरकारला कळवलेला आकडा आणि तुम्ही सांगितलेला आकडा जुळतो का. पद्धत कोणती निवडली, दुसरीने किती झाला असता. वजावटी एकेक ओळीत, आणि प्रत्येकीसमोर 'कागद पाहिला' किंवा 'तुमच्या सांगण्यावरून'. कापलेला कर, भरायचा किंवा मिळायचा कर. कोणता ईमेल आणि कोणता मोबाइल क्रमांक नोंदवला आहे. आमची फी. शेवटून दुसरी ओळ, हे विवरणपत्र अमुक याने तयार केलं, म्हणजे त्या आर्टिकल मुलाचं नाव. शेवटची ओळ, वाचून दाखवलं, तारीख. त्यानंतर ओटीपी.

भाच्याने बाकी सगळं मान्य केलंय, येत्या जूनपासून पेन्शनर ग्राहकांपुरतं करून बघतो म्हणाला, फी बाराशे. दोन ओळींवर मात्र त्याचे भागीदार अडले आहेत. 'तुमच्या सांगण्यावरून' लिहिलं की लोक दुखावतील, असं एकाचं म्हणणं. आणि मुलाचं नाव लिहायला दुसऱ्याचा विरोध, ग्राहक उद्या त्यालाच फोन करतील म्हणून. मी म्हटलं, करू देत की! त्यासाठीच तर नाव लिहायचं. तिथे गाडी अडली आहे. ब्लॉगवाल्या मंडळींत कोणी सीए असतील, किंवा कोणाची मुलं आर्टिकल करत असतील, तर या दोन ओळींबद्दल त्यांना काय वाटतं ते खाली जरूर लिहा. पुढच्या रविवारी मला उपयोगी पडेल.